जीआरबीएल आणि डीएम५४२: छोट्या सीएनसीच्या कंट्रोल पॅनेलच्या नोंदी

८ नोव्हेंबर

सीएनसीचा, म्हणजे संगणकाच्या आज्ञेने कोरणाऱ्या मशीनचा, लोखंडी भाग तयार आहे. सरक, म्हणजे प्रत्येक अक्षाची कमाल हालचाल: एक्सला ३८० मिमी, वायला २८० मिमी, झेडला ७५ मिमी. एक्स आणि वायला १६०५ बॉलस्क्रू, म्हणजे १६ मिमी व्यास आणि एका फेऱ्याला ५ मिमी. झेडला १२०४, म्हणजे एका फेऱ्याला ४ मिमी. मोटरी लावण्याआधी तिन्ही स्क्रू हाताने या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून पाहिले. कुठे जड लागलं तर रेल समांतर नाहीत असं समजावं आणि वायरला हात लावण्याआधी तेच सरळ करावं. नाहीतर पुढे मोटर अडखळली की दोष ड्रायव्हरचा की रेलचा हे कळत नाही.

पॅनेलचं सामान: अर्डुइनो उनो (मशीनला हुकूम देणारा छोटा प्रोसेसर बोर्ड) आणि त्यावर स्क्रू टर्मिनलचं शील्ड (वर बसणारा जोडणीचा बोर्ड), डीएम५४२ ड्रायव्हर ३ (उनोचे पल्स घेऊन मोटरला करंट देणारे), नेमा २३ स्टेपर मोटरी ३ (दर पल्सला एक पाऊल फिरणाऱ्या, फेजला २.८ अँपिअर), ३६ व्होल्ट ९.७ अँपिअरचा एसएमपीएस (मोटरींचा डीसी पुरवठा), १२ व्होल्ट २ अँपिअरचा वेगळा अडॅप्टर, रोलरचे मायक्रोस्विच ३, १.५ किलोवॅटचा एअरकूल्ड स्पिंडल (टूल फिरवणारी मोटर) आणि त्याचा हुआनयांग व्हीएफडी (स्पिंडलचा वेग ठरवणारा कंट्रोलर), लाल मशरूम बटण, २३० व्होल्ट कॉइलचा कॉन्टॅक्टर (कॉइलने ओढला जाणारा मोठा स्विच). मोटरींना ०.७५ स्क्वेअरची चार कोअर शील्डेड केबल, स्पिंडलला तसलीच १.५ स्क्वेअरची. पुण्यात ही तपकीर गल्लीत मीटरवर मिळते. शील्ड म्हणून नुसती फॉइल असलेली केबल घेऊ नये, वर तांब्याची जाळी हवी.

एसएमपीएसच्या बाजूला ११५/२३० चा छोटा सरकता स्विच असतो. तो २३० वर आहे हे पाहूनच मेन द्यायचा. ११५ वर राहिला तर चालू करताच आतले कपॅसिटर जातात.

९ नोव्हेंबर

टेबलावर एक मोटर, एक ड्रायव्हर. मोटरच्या चार वायरींतल्या जोड्या मल्टिमीटरने शोधल्या: एका कॉइलमध्ये एक ओहमच्या आसपास, दोन कॉइलमध्ये कंटिन्युइटी नाही. मल्टिमीटर नसला तर कुठल्याही दोन वायरी एकमेकींना लावून शाफ्ट बोटांनी फिरवायचा. तो जड आणि दातऱ्यासारखा लागला की जोडी सापडली. रंगांवर विश्वास ठेवू नये, प्रत्येक लॉटचे रंग वेगळे निघतात.

डीएम५४२ चे डिप स्विच: १ आणि २ ऑन, ३ ऑफ, म्हणजे पीक २.८४ अँपिअर. स्विच ४ ऑफ, म्हणजे मोटर उभी असताना करंट निम्मा. मायक्रोस्टेप, म्हणजे मोटरच्या एका फेऱ्याला लागणारे पल्स, १६००. ३२०० घेतले असते तर मिमीला ६४० पल्स झाले असते, आणि ३००० मिमी/मिनिट वेगाला सेकंदाला ३२,००० पल्स लागले असते. उनोवर जीआरबीएलची (मशीन चालवणारं फर्मवेअर) मजल साधारण ३०,००० पर्यंत. १६०० ला तोच वेग १६,००० पल्समध्ये बसतो. मायक्रोस्टेप वाढवून अचूकता वाढत नाही, फक्त हालचाल गुळगुळीत होते. ५ मिमी लीडला (स्क्रूच्या एका फेऱ्याचं अंतर) १६०० पुरे.

चालू ड्रायव्हरची मोटर वायर कधीही काढायची नाही, ढिलीही ठेवायची नाही. ड्रायव्हर मरण्याचं सगळ्यात जास्त दिसणारं कारण हेच आहे. वायरींच्या टोकांना फेरूल (धातूची नळी) दाबून मगच टर्मिनलमध्ये घातल्या.

१५ नोव्हेंबर

उनोवर जीआरबीएल १.१एच चढवलं. लायब्ररी जोडताना झिपमधलं बाहेरचं फोल्डर नाही, आतलं ‘ग्रबल’ नावाचं फोल्डर द्यायचं. बाहेरचं दिलं तर अपलोडचं उदाहरण मेनूत दिसतच नाही. चढवल्यावर $आरएसटी=* देऊन जुन्या सेटिंग पुसल्या.

पिन: २, ३, ४ वर एक्स, वाय, झेडचे स्टेप, ५, ६, ७ वर दिशा, ९ आणि १० वर एक्स, वायचे लिमिट (टोकाला लागणारे स्विच). झेडचा लिमिट १२ वर, कारण १.१ मध्ये ११ हा पिन स्पिंडलच्या पीडब्ल्यूएमला, म्हणजे वेगाच्या सिग्नलला, जातो. तयार सीएनसी शील्ड वापरणाऱ्यांनी हे जपावं. जुन्या शील्डवर झेड लिमिट ११ वर छापलेला असतो. छापील नावाप्रमाणे जोडला की स्विच शोधताना झेड तो दाबूनही वर चढत राहतो.

ड्रायव्हरची जोडणी: पल्स आणि दिशेचे उणे टोक उनोच्या ग्राउंडला, अधिक टोक पिनला. एनेबल मोकळं सोडलं, मोकळं असलं की डीएम५४२ चालू असतो. आत ऑप्टोकपलर (प्रकाशातून सिग्नल देणारे, दोन्ही बाजू विजेने वेगळ्या ठेवणारे) आहेत, त्यामुळे ३६ व्होल्टचं उणे आणि उनोचं ग्राउंड एकमेकांना जोडायचं कारण नाही, जोडूच नये. एका पिनवर एकच ड्रायव्हर आहे, म्हणजे साधारण १० मिलिअँपिअर. वायला दोन मोटरी असत्या तर एका पिनवर २० पडले असते आणि मध्ये बफर लागला असता.

सुरुवातीच्या सेटिंग (इथे आकडे देवनागरीत आहेत, कन्सोलमध्ये इंग्रजीतच टाईप करायचे): $०=१० (पल्सची लांबी, मायक्रोसेकंदात), $२=० (स्टेपचा सिग्नल सरळ), $३=४ (दिशा; झेड उलटा फिरत होता), $१००=३२०, $१०१=३२०, $१०२=४०० (एक्स, वाय, झेडला मिमीमागे पल्स). वेग १५०० मिमी/मिनिट, त्वरण १०० मिमी/सेकंद². सध्या मुद्दाम कमी.

१६ नोव्हेंबर

तिन्ही अक्ष हलले. डायल गेज लावून एक्स ५० मिमी नेला, परत आणला: शून्यावर. स्टीलच्या पट्टीवर ३०० मिमीला ३०० मिमी. $१०० ला हात लावला नाही. बॉलस्क्रूचं लीड ठाऊक असताना पट्टीने मोजून ३१९.६ वगैरे आकडा घालणं म्हणजे मोजण्याची चूक मशीनमध्ये कायमची बसवणं.

२२ नोव्हेंबर

लिमिट स्विच लावले. सी आणि एनसी टर्मिनल, म्हणजे एरवी सर्किट पूर्ण, दाबला की तुटलेलं. एखादी वायर उंदराने कुरतडली तरी मशीन थांबतं. त्यासाठी $५=१ (लिमिटच्या सिग्नलचा अर्थ उलटा). होमिंग, म्हणजे स्विच शोधून मशीनचं शून्य ठरवणं, चालू: $२२=१, $२३=३ (डावा-पुढचा कोपरा), $२४=५०, $२५=१००० (स्विच शोधण्याचे हळू आणि जलद वेग). प्रत्येक स्विच आधी बोटाने दाबून, कन्सोलला ‘?’ देऊन पीएन: पुढे योग्य अक्षर येतं की नाही ते बघितलं. ही दोन मिनिटं वाचवली तर पहिल्याच होमिंगला गँट्री (स्पिंडल धरणारा सरकता पूल) टोकावर आपटते.

दोन अडचणी आल्या.

पहिली, अलार्म ९ (स्विच सापडला नाही), पण कधीकधीच. गँट्री उजव्या टोकाला उभी असली की एक्स स्विचपर्यंत न पोचता मध्येच थांबायचा. मधोमध असली की होमिंग नीट. जीआरबीएल स्विच शोधायला जास्तीत जास्त $१३० च्या (एक्सची नोंदवलेली सरक) दीडपट अंतर जातं. $१३० मूळचा २०० होता, म्हणजे ३०० मिमी, आणि सरक ३८० ची. $१३०=३८०, $१३१=२८०, $१३२=७५ केल्यावर अडचण मिटली.

दुसरी, वायला अलार्म ८ (स्विच सुटला नाही). स्विच लागल्यावर अक्ष १ मिमी मागे येतो, पण रोलरचा हा स्विच सुटायला त्याहून जास्त लागतं. $२७=३ केलं (मागे येण्याचं अंतर). होमिंगनंतर मशीनचे को-ऑर्डिनेट उणे दिसतात. जीआरबीएलची पद्धतच तशी आहे, जॉबचं शून्य वेगळं लावायचं असतं.

मशरूम बटण कॉन्टॅक्टरच्या कॉइलमध्ये आहे. दाबलं की एसएमपीएस आणि व्हीएफडी दोन्हीचा मेन तुटतो. ए० पिनवरचं रिसेट हे इमर्जन्सी स्टॉप नव्हे. तो प्रोसेसरला केलेला निरोप आहे, आणि प्रोसेसरच अडकला तर निरोप पोचत नाही. मेन तुटल्यावर मोटरींची जागा हलते, म्हणून पुन्हा होमिंग सक्तीचं.

२३ नोव्हेंबर

व्हीएफडी. आधी पीडी००५=४०० (कमाल हर्ट्झ), मग पीडी००४=४०० (मूळ हर्ट्झ), पीडी०११=१२० (किमान हर्ट्झ), पीडी१४१=२२० (व्होल्ट), पीडी१४२ ला स्पिंडलच्या प्लेटवरचा करंट, पीडी१४३=२ (पोल), पीडी१४४=३०००. हा शेवटचा आकडा ५० हर्ट्झचा वेग आहे, त्यावरून ४०० हर्ट्झला २४,००० दिसतात. पीडी०११ च्या १२० मुळे स्पिंडल ७,२०० फेऱ्यांच्या खाली उतरत नाही. पंखा त्याच शाफ्टवर आहे, कमी वेगात हवाच लागत नाही आणि वाइंडिंग तापतं.

स्पिंडलच्या सॉकेटचा चौथा पिन आणि बॉडी यांच्यात मल्टिमीटर लावला: कंटिन्युइटी नाही. आत तो पिन कुठेच जोडलेला नव्हता. असे स्पिंडल सर्रास येतात, आणि मग केबलमधली हिरवी वायर नुसती शोभेची राहते. बॉडीच्या क्लॅम्पला लग लावून अर्थ वेगळा आणला. मेन प्लगच्या अर्थ आणि न्यूट्रलमधला व्होल्टेजही मोजला, २ व्होल्टच्या आत आहे. इथे दहा-वीस व्होल्ट दिसले तर आधी इलेक्ट्रिशियन बोलवावा, पॅनेल नंतर. व्हीएफडी उघडायचा असेल तर मेन काढून डिस्प्ले पूर्ण विझल्यावरही दहा मिनिटं थांबावं.

२९ नोव्हेंबर

स्पिंडल चालू केला की अलार्म १ (हार्ड लिमिट, म्हणजे स्विच लागला म्हणून मशीन थांबलं). स्विच कुणी दाबलेला नाही, अक्ष जागेवर उभे. दहापैकी सात-आठ वेळा, आणि बहुतेकदा वेग चढताना किंवा उतरताना.

शोधायची रीत साधी आहे. लिमिटच्या तिन्ही वायरी उनोपासून काढल्या आणि ९, १०, १२ हे पिन बोर्डवरच छोट्या वायरने ग्राउंडला जोडले, म्हणजे जीआरबीएलला तिन्ही स्विच मोकळे दिसतात. स्पिंडल वीस वेळा चालू-बंद केला, एकही अलार्म नाही. बोर्ड, यूएसबी, ५ व्होल्ट सगळं निर्दोष. गडबड वायरीतून येते आहे.

कारण दोन. लिमिटच्या वायरी व्हीएफडीच्या केबलबरोबर एकाच ड्रॅग चेनमधून (केबल धरणारी हलती साखळी) दीड मीटर जात होत्या. आणि उनोवरच्या एटीमेगा चिपचा आतला पुलअप (पिन ५ व्होल्टकडे धरणारा रेझिस्टर) २० ते ५० किलोओहमचा, म्हणजे फार अशक्त. थोडा गोंगाटही पिन वर उचलतो.

उपाय: लिमिटच्या लूपला १२ व्होल्ट. प्रत्येक स्विचमधून १ किलोओहमचा रेझिस्टर आणि पीसी८१७ ऑप्टोचा एलईडी, साधारण १० मिलिअँपिअर. गोंगाटातून तेवढा करंट उभा राहत नाही, आणि लूपचे १२ व्होल्ट तेवढ्याने खाली येत नाहीत. ऑप्टोच्या पलीकडे कलेक्टर पिनला, एमिटर ग्राउंडला, ५ व्होल्टला ४.७ किलोओहमचा पुलअप, पिनपाशीच १०० नॅनोफॅरॅडचा सिरॅमिक. स्विच मोकळा असताना पिन खाली, दाबल्यावर वर; $५=१ तसाच राहिला. छिद्रांच्या पीसीबीच्या तुकड्यावर तिन्ही बसले. व्हीएफडीची केबल चेनमधून काढून वरून वेगळी नेली आणि तिची जाळी व्हीएफडीच्या अर्थ टर्मिनलला लावली.

पन्नास चालू-बंद, अलार्म शून्य. सॉफ्टवेअरमध्ये डीबाउन्स (क्षणिक धक्के सोडून देण्याची वेळ) वाढवून किंवा $२१=० करून हार्ड लिमिटच बंद करून हे ‘मिटवता’ येतं. तसं करू नये, ज्या दिवशी स्विच खरंच लागतो त्या दिवशी स्क्रू वाकतो.

६ डिसेंबर

पहिलं खरं काम: सागवानी नावाची पाटी, व्ही बिट (जितका खोल तितकी रेघ रुंद), खोली ०.५ मिमी. पहिली ओळ सुरेख. दुसरीत अक्षरं बारीक होत गेली. तिसऱ्या ओळीच्या शेवटी बिट लाकडावर नुसता ओरखडा काढत होता, वेलांटीची शेपटी तर उमटलीच नाही.

काम संपल्यावर झेडचं शून्य पुन्हा तपासलं: ०.५ मिमीच्या आसपास वर. एक्सही थोडा डावीकडे सरकलेला.

प्रत्येक संशयाची खूण वेगळी असते. फळी वाकडी असती तर खोली जागेप्रमाणे बदलली असती, वेळेप्रमाणे नाही. कपलरचा ग्रब स्क्रू घसरला असता तर स्पिंडलच्या वजनाने झेड खाली आला असता, इथे वर गेला आहे. तरी शाफ्ट, कपलर आणि स्क्रू यांच्यावरून मार्करची एक सरळ रेघ ओढली. रेघ तुटली की घसरलं. पुढच्या कामानंतर रेघ जशीच्या तशी. मोटर अडखळली असती तर घरघर ऐकू येते आणि फरक एकदम पडतो. इथे तो थेंबाथेंबाने साठला. स्टेप प्रति मिमी चुकलेलं असतं तर परत शून्यावर आल्यावर फरक शून्य दिसला असता. बॅकलॅशही (दिशा बदलताना स्क्रूमधली ढील) साठत नाही.

७ डिसेंबर

हा फरक कशाच्या प्रमाणात वाढतो, हे मोजायचं ठरवलं. एक्सला ०.०१ मिमीचा डायल गेज, सापेक्ष हालचाल, स्पिंडल बंद.

५ मिमी पुढे, ५ मिमी मागे, २०० वेळा, १५०० च्या वेगाने: गेज १.२५ मिमी उणे दिशेला.
तेच १०० वेळा: ०.६२.
तेच २०० वेळा, पण ३०० च्या वेगाने: १.२५.
अंतर ५० मिमी, २०० वेळा: १.२५.
एकाच दिशेने ३०० मिमी तुकड्यातुकड्याने जाऊन एकदाच परत: गेजवर दिसण्याजोगा फरक नाही.

अंतराशी संबंध नाही, वेगाशी नाही, फक्त दिशा बदलण्याच्या संख्येशी. १.२५ भागिले २०० म्हणजे ०.००६२५ मिमी. मिमीला ३२० पल्स आहेत, म्हणजे बरोबर २ पल्स. एका जाण्या-येण्याला दोन पल्स, ना कमी ना जास्त. इतका नेमका आकडा गोंगाटातून किंवा ढिल्या स्क्रूतून येत नाही.

डीएम५४२ ला दिशेचा सिग्नल पल्सच्या आधी ५ मायक्रोसेकंद स्थिर हवा असतो. जीआरबीएल दिशेचा पिन आणि स्टेपचा पिन जवळजवळ लागोपाठ बदलतं, मध्ये एक मायक्रोसेकंदही नसतो. ड्रायव्हर पल्सच्या चढत्या काठावर (सिग्नल खालून वर जाताना) पाऊल टाकतो, म्हणजे दिशा पोचायच्या आत. ते पहिलं पाऊल जुन्या दिशेने पडतं. एक पाऊल पुढे पडायचं ते मागे पडलं, म्हणून फरक दोनाचा.

मग तो दोन्ही वळणांवर पडून परस्पर का फिटत नाही? कारण ऑप्टोकपलर पटकन चालू होतो आणि सावकाश बंद होतो. दिशेचा पिन वर जाताना कसंबसं जमतं, खाली येताना उशीर होतो. चूक एकाच वळणावर होते आणि साठत जाते. पुरावा काल हातात होताच: जीआरबीएलमध्ये अधिक दिशेला दिशेचा पिन खाली असतो, म्हणून एक्स उणेकडे सरकला. झेड $३ मध्ये उलटवलेला, त्याचा पिन खाली जातानाच अक्ष खाली जायला निघतो, म्हणून तो वर सरकला. झेडला मिमीला ४०० पल्स, दोन पल्सचे ०.००५ मिमी. पाटीच्या कोडमध्ये बिट शंभराच्या आसपास वेळा उचलला गेला होता. ०.५ मिमीचा हिशेब तंतोतंत लागतो.

देवनागरी अक्षरांत हा दोष लवकर उघडा पडतो. काना, वेलांटी, अनुस्वार, प्रत्येकासाठी बिट उचलून टेकवावा लागतो. लांब सरळ कापाच्या कामात तो महिनोन्‌महिने लपून राहिला असता.

उपाय एका ओळीचा: $२=७. स्टेपचा सिग्नल उलटा होतो, पिन एरवी वर राहतो आणि १० मायक्रोसेकंद खाली जाऊन परत वर येतो. चढता काठ आता पल्सच्या शेवटी येतो, दिशा मात्र सुरुवातीलाच बदललेली असते. मध्ये १० मायक्रोसेकंद मिळतात, हवे होते ५. $० मात्र १० च्या खाली आणायचा नाही, तो वेळ आता दिशेसाठी लागतो. दुसरा मार्ग कॉन्फिग फाइलमधली स्टेप पल्स डिलेची ओळ उघडून पुन्हा कंपाइल करायचा. तोही बरोबर आहे, पण सेटिंगने भागत असताना फर्मवेअर वेगळं करून ठेवलं की पुढच्या माणसाला ते कळत नाही.

ज्यांनी पल्सचं अधिक टोक ५ व्होल्टला आणि उणे टोक पिनला लावलं आहे, त्यांच्याकडे $२=० असताना काठ आपोआप शेवटी येतो. तिथे $२=७ केलं तर हाच दोष नव्याने तयार होतो. जोडणी बघितल्याशिवाय हा आकडा उचलू नये.

$२=७ नंतर एक्स १००० वेळा पुढे-मागे: गेजचा काटा शून्याच्या रेघेवर. वाय, झेड तसेच.

१३ डिसेंबर

वेग आणि त्वरण. एक्स ५०० च्या पायरीने वाढवला. ४५०० ला मोटर कण्हून थांबली. सेकंदाला २४,००० पल्स झाले होते, म्हणजे जीआरबीएलची हद्द नव्हे, ९०० फेऱ्यांना मोटरचा टॉर्क संपला. ३००० ठेवला. त्वरण ६०० ला पाऊल चुकलं, ४०० ठेवलं. झेड १५०० आणि २००. कापताना टूलचा जोर वेगळा पडतो, म्हणून रिकाम्या मशीनवर मिळालेल्या आकड्याचा तिसरा हिस्सा सोडून द्यावा.

मोटरी तासाभराने हाताला गरम, पण बोट ठेवता येतं. करंट तसाच.

२० डिसेंबर

एमडीएफ कापताना व्हॅक्यूम चालू असला की पंधरा-वीस मिनिटांनी कनेक्शन जातं. कन्सोलमध्ये जीआरबीएलचं स्वागताचं वाक्य मध्येच पुन्हा आलं का, हे आधी बघावं. आलं तर बोर्ड रिसेट झाला, म्हणजे ५ व्होल्ट किंवा रिसेट पिन. इथे आलं नव्हतं, पोर्टच गायब झाला होता. म्हणजे यूएसबी.

पीव्हीसीच्या पाइपमधून कोरडा भुसा जोरात गेला की पाइपवर स्थिर वीज साठते. हात जवळ नेला तर केस उभे राहतात. तीच गँट्रीतून केबलवर उडी मारते. पाइपच्या आतून उघडी तांब्याची तार टोकापासून टोकापर्यंत नेऊन अर्थला लावली, तीन मीटरची यूएसबी केबल काढून फेराइट असलेली एक मीटरची घातली. दोन तास एमडीएफ, कनेक्शन टिकून.

२१ डिसेंबर

पाटी पुन्हा काढली, तीच फाइल, तोच बिट. सुरुवातीच्या आणि शेवटच्या अक्षरावर रेघेची रुंदी व्हर्निअरने सारखी. कामानंतर झेडचं शून्य कागद ठेवून तपासलं, जागेवर.

$$ (सगळ्या सेटिंग दाखवणारी आज्ञा) ची पूर्ण यादी टेक्स्ट फाइलमध्ये ठेवली, आणि छापून पॅनेलच्या दाराच्या आत चिकटवली. $२=७ खाली लाल रेघ आणि शेजारी जोडणी लिहिली: पल्स उणे ग्राउंडला.